पूर्वज वैद्य होते म्हणे!

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण जुनी खरी, पण अलीकडे ती पाळण्याकडे कोणाचा कल दिसत नाहीं. मुरगुडाजवळून वाहणाऱ्या आमच्या वेदगंगेचें मूळ पाहण्यासाठीं भुदरगडाच्या डोंगरांत चढून जाणारे हौशी तरुण आहेत, आणि स्वतःच्या कुळाचें मूळ शोधण्याचा छंद लागलेले प्रौढ गृहस्थ तर दर चार घरांत एक आढळतात. आम्ही शिक्षकाच्या नोकरींतून मोकळे झाल्यापासून आमच्याकडे जी मंडळी येते, तींत जुने मोडी कागद वाचून घेणारांचाच भरणा मोठा. रुमालाची गांठ सोडतां सोडतां त्यांतील पुष्कळांच्या तोंडीं एक वाक्य ठरलेलें असतें : "आमचे खापरपणजोबा मोठे वैद्य होते म्हणे! नुसती नाडी धरून महिन्यानंतरचें दुखणें सांगत." हा 'म्हणे' शब्द फार सोयीचा आहे. त्यांत अभिमान सगळा आपला, आणि जबाबदारी मात्र कोणाचीच नाहीं! या 'म्हणे'च्या पलीकडे जातां येतें कीं काय, आणि गेल्यास तेथें काय सांपडतें, याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय आमच्या भागास विशेष लागू आहे. कागल तालुक्यांतील मुरगूड हें गांव तीन मुलखांच्या वेशीवर वसलें आहे. पश्चिमेस राधानगरी-भुदरगडचें रान आणि त्यापलीकडे घाट उतरून कोंकण. पूर्वेस निपाणीच्या अंगानें लागणारा कानडी मुलूख. उत्तरेस कोल्हापूरचें राजशासन. अशा सीमेवरच्या वैद्याची विद्या एकाच मुलखाची असून भागत नसे. हिरडा, बेहडा, कुडा, सातवीण, वावडिंग हीं घाटांतून यावयाचीं. मिरीं, सुंठ, पिंपळी हीं व्यापाऱ्यांच्या गोणींतून यावयाचीं. आणि ओट्यावर बसलेला रोगी कधीं मराठी बोलणारा, तर कधीं कानडी. गुळवेलीस कानडींत अमृतबळ्ळी म्हणतात, हिरड्यास अळले, आवळ्यास नेल्ली, अडुळशास आडुसोगे, आणि निर्गुडीस लक्की. पोथींत पाहावें तर त्याच गुडूची, हरीतकी, आमलकी, वासा आणि निर्गुण्डी. म्हणजे एकेका वनस्पतीचीं तीन-तीन नांवें ज्यास ठाऊक, तोच येथें वैद्य म्हणून टिकावयाचा. त्याच्या दारावर पाटी नव्हती, भिंतीवर पदवी नव्हती, आणि किती रोगी आले व किती बरे झाले याची वही तर नव्हतीच. मग असा पुरुष दीड-दोनशें वर्षांनंतर सांपडावा तरी कसा?

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथून फार दूर, कोचीस, सांपडतें. दूर असलें तरी तें परकें नव्हे. कारण त्या कथेंतील तीन पात्रें आपल्याच किनाऱ्यावरून तिकडे गेलेल्या समाजांतील आहेत. सोळाव्या शतकांत गोव्यांत पोर्तुगीजांनीं देवळें मोडण्यास व धर्मच्छळास आरंभ केला, तेव्हां अनेक सारस्वत कुटुंबें देव घेऊन, नाहीं तर नुसतें देवाचें नांव घेऊन, बाहेर पडलीं. कांहीं जवळच अंत्रुज महालांत थांबलीं. कुशस्थळीचा मंगेश १५६० त प्रियोळास गेला तो त्याच धांवपळींत. कांहीं कुटुंबें कारवार, मंगळूर करीत थेट कोचीपर्यंत पोचलीं आणि तेथील राजाच्या आश्रयानें राहिलीं. व्यापार हा त्यांचा मुख्य धंदा. परंतु त्यांत शास्त्री होते, तसे वैद्यहि होते.

पुढें १६६३ त डच लोकांनीं कोची पोर्तुगीजांकडून घेतली आणि १६७० त हेंड्रिक व्हान ऱ्हीड हा तेथें डच कंपनीचा मुख्य अधिकारी म्हणून आला. या गृहस्थास वनस्पतींचा विलक्षण नाद होता. मलबारांतील झाडें, वेली व औषधी यांचा एक सचित्र ग्रंथ करावा असें त्यानें मनांत घेतलें आणि तडीस नेलें. 'होर्तुस् मालाबारिकुस्', म्हणजे 'मलबारचें उद्यान', हा तो लॅटिन ग्रंथ. त्याचे १२ खंड आम्स्टरडॅम येथें १६७८ पासून १६९३ पर्यंत निघाले आणि त्यांत सुमारें ७४२ वनस्पतींचें वर्णन आहे. आरंभ माडापासून केलेला आहे, हें किनाऱ्यावरच्या माणसास सांगावयास नकोच! सातवीण, कुडा, बाहवा, आवळा या आपल्या ओळखीच्या मंडळीची भेट पहिल्याच खंडांत होते. पुष्कळ चित्रांवर वनस्पतीचें नांव रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा चार लिप्यांत कोरलेलें आहे, आणि वर्णनांत 'ब्राह्मणांचें नांव' म्हणून जें दिलेलें असतें तें कोंकणी आहे. स्वतः ऱ्हीडास शेवटचा खंड पाहण्याचें भाग्य लाभलें नाहीं. १६९१ त तो समुद्रावर वारला, आणि त्याची कबर सुरतेस आहे.

हा ग्रंथ तयार कसा झाला, हें ऱ्हीडानें स्वतः आपल्या प्रस्तावनेंत सांगितलें आहे, आणि आमच्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. प्रथम वैद्यांनीं, ब्राह्मणांनीं तशाच इतरांनीं, आपापल्या भाषेंत वनस्पतींच्या याद्या केल्या. कोणत्या ऋतूंत कोणास पान, फूल वा फळ येतें हें लक्षांत घेऊन त्या याद्या लावल्या. मग त्या याद्या झाडांची पारख असलेल्या माणसांच्या हातीं देऊन त्यांना तिघातिघांच्या टोळ्यांनीं रानांत पाठविलें. तीं माणसें उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढून पान, फूल, फळ असें सगळें घेऊन येत. तीन-चार चित्रकार ताज्या फांदीवरून चित्र काढीत आणि तेथेंच वर्णन लिहिलें जाई. एखाद्या वनस्पतीविषयीं चर्चा निघाली म्हणजे पंडित जुन्या ग्रंथांतील पद्यें मुखोद्गत म्हणून आधार देत. आणि हें सर्व मोठ्या नम्रतेनें चाले, असें तो डच अधिकारी लिहितो. मल्याळीं सांगितलेलें इमान्युएल कार्नेरो नांवाचा दुभाषी पोर्तुगीजांत करी, त्याचें दुसरा डच भाषेंत करी, आणि शेवटीं तें लॅटिनांत जाई. एक पाककृति सासूकडून सुनेकडे जातांना किती बदलते हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या चार भाषांच्या प्रवासांत केवढी दक्षता लागली असेल याची कल्पना येईल.

म्हणूनच ऱ्हीडानें एक फार शहाणपणाची गोष्ट केली. ज्यांनीं माहिती दिली त्यांच्याकडून, त्यांच्याच लिपींत व भाषेंत, दाखले लिहून घेतले, आणि ते जसेच्या तसे कोरून पहिल्या खंडाच्या आरंभीं छापले. दाखले १६७५ च्या एप्रिलांतील आहेत. एक आहे रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन ब्राह्मण वैद्यांचा. तो नागरी लिपींत, कोंकणी भाषेंत आहे. युरोपांत छापल्या गेलेल्या नागरीच्या अगदीं आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. दोन वर्षें सकाळ-सायंकाळ खपून, महानिघंटु नांवाच्या ग्रंथाच्या आधारें, आपण हें काम केलें असें ते तिघे त्यांत सांगतात. दुसरा दाखला इट्टि अच्युतन् या वैद्याचा. हा ब्राह्मण नव्हे. ताडामाडाच्या धंद्याशीं ज्यांचें नांव जोडलें जातें, त्या एळवा जातीचा. त्याच्या घरीं मात्र वैद्यकी परंपरेनें चालत आलेली. करप्पुरम् भागांतील कडक्करप्पळ्ळि हें आपलें गांव, कोल्लाट हें आपलें घर, आपण जन्मानें परंपरेचा वैद्य, आणि आपल्या ग्रंथांतून व अनुभवांतून जें ठाऊक तें आपण कार्नेरोस सांगितलें, असें तो स्पष्ट लिहितो. आणि मलबारच्या वैद्यांनीं त्याविषयीं शंका धरूं नये म्हणून पुढें सही करतो.

आतां पुढची गंमत पाहा. या ग्रंथाची कीर्ति युरोपभर झाली. १७५३ त स्वीडनच्या लिनीयसानें वनस्पतींच्या नामकरणाचा जो पायाभूत ग्रंथ लिहिला, त्यांत ऱ्हीडाच्या या ग्रंथाचा आधार ठिकठिकाणीं घेतलेला आहे. परंतु मूळ लॅटिन, खंड दुर्मिळ, जुनीं नांवें न उमगणारीं. त्यामुळें ज्या भूमींत तो जन्मला तेथेंच तो जवळजवळ विस्मृतींत गेला. केरळांतील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक के. एस्. मणिलाल यांनीं आयुष्यांतील कित्येक दशकें या एका ग्रंथास वाहिलीं. तीं झाडें त्या त्या जागीं पुन्हां शोधून ओळखलीं, आणि सबंध ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर केलें. तें केरळ विद्यापीठानें २००३ त काढलें; २००८ त मल्याळी भाषांतरहि निघालें. २०२० त त्यांस पद्मश्री मिळाली आणि २०२५ च्या जानेवारीच्या पहिल्याच दिवशीं ते वारले. या सर्व खटाटोपांत इट्टि अच्युतन् याचें घराणें लोकांपुढें आलें, आणि कडक्करप्पळ्ळि येथें त्याचें स्मृतिस्थान आजहि जपलेलें आहे.

आणि आमचे रंग भट? त्यांचे वंशज कोण, हें त्यांच्या सहीवरून कोणास सांगतां यावें? 'रंग' हें नांव, 'भट' व 'पंडित' या पदव्या. अशा नांवाचीं माणसें किनाऱ्यावर शेंकडों झालीं असतील. इट्टि अच्युतन् यानें घराचें नांव लिहिलें, गांवाचें लिहिलें, धंदा वाडवडिलांचा आहे हें लिहिलें. म्हणून सवातीनशें वर्षांनीं शोधणारा त्याच्या उंबऱ्याशीं जाऊन उभा राहूं शकला. शास्त्र जाणणाऱ्या तिघांनीं मात्र ग्रंथाचें नांव आवर्जून घेतलें, आणि आपल्या कुळाची खूण मागें ठेवली नाहीं. ग्रंथ मोठा, आपण लहान, अशी ती वृत्ति. तिचा आम्हांस आदरच वाटतो. पण पणतूच्या दृष्टीनें पाहतां तिनें पंचाईत केली खरी!

त्या तिघांच्या पूर्वींचा एक वैद्य तर याहूनहि अल्प खूण ठेवून गेला. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ त हिंदुस्थानांत आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारींहि त्याचें जाणें-येणें असे. येथील औषधींवर त्यानें संवादरूप ग्रंथ लिहिला, तो १५६३ त गोव्यांतच छापला गेला. त्यांत एका प्रकरणीं मलुपा नांवाचा एक हिंदु वैद्य येऊन दोन गोष्टी सांगून जातो. झाडपाला आणून दाखविणारी अन्तोनिया नांवाची एक दासीहि त्या ग्रंथांत आहे. मलुपाचें गांव कोणतें, घर कोणतें, तो शिकला कोणाजवळ? परक्याच्या पुस्तकांत उरलेल्या एका नांवावरून वंशवृक्ष काढतां येत नाहीं. स्वतः ऑर्ताच्या नशिबीं तरी काय आलें? तो मूळचा यहुदी कुळांतला म्हणून त्याच्या मरणानंतर बारा वर्षांनीं, १५८० त, धर्मपीठानें त्याचीं हाडें उकरून जाळलीं. कूळ शोधण्याचा उद्योग नेहमीं सत्कारासाठींच होतो असें नाहीं, हेंहि त्यावरून ध्यानांत ठेवावें.

आतां आपल्या घराकडे वळूं. सीमेवरच्या एखाद्या घराण्यांत वैद्य होऊन गेला असेल, तर त्याचा माग काढण्याच्या वाटा कोणत्या?

पहिली वाट घरांतलीच. कुलवृत्तांताचे छापील ग्रंथ उघडण्यापूर्वीं माळ्यावरचा रुमाल उघडावा. पोथी मिळाली तर प्रथम शेवटचें पान पाहावें. लिहिणारानें आपलें नांव, गांव, शक व संवत्सर बहुधा तेथें घातलेलें असतें. शकांत ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. शके १५९७ म्हणजे १६७५. पौषाच्या मध्यापासून पुढची तिथि असेल तर मात्र ७९ मिळवावे लागतात. नुसतें संवत्सराचें नांव असेल तर फार सावध असावें. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरें पुन्हां पुन्हां फिरून येतात. एक फेरा चुकला कीं नातू आजोबांच्या आधीं जन्मतो! यानंतर समास पाहावा. लोलिंबराजाचें 'वैद्यजीवन' किंवा 'भावप्रकाश' हे ग्रंथ पुष्कळ घरीं असत. त्यांची नक्कल जवळ असणें एवढ्यानें कोणी वैद्य ठरत नाहीं. पण समासांत वेगळ्या शाईनें "अमक्यास दिलें, गुण आला" असें लिहिलेलें असेल, तर तेथें वैद्य बोलतो आहे असें समजावें. मराठी वाक्यांत मध्येंच 'अमृतबळ्ळी' असा कानडी शब्द आला, तर तो माणूस वेदगंगेच्या कोणत्या अंगास फिरत होता तेंहि कळून येतें.

दुसरी वाट जमिनीची. वैद्यकीबद्दल इनाम मिळालें असेल, तर त्याची सनद झाली असेल, आणि पुढें चौकशीहि झाली असेल. इंग्रजी अमलांतील मुलखांत १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वयें इनामांची चौकशी झाली. त्या वेळीं इनामदारांनीं दिलेल्या कैफियतींत पिढ्यांची माहिती येते. आमच्या भागांत मात्र एक घोळ आहे. चिकोडीकडचा मुलूख इंग्रजांचा, मुरगूड कागलकर घाटग्यांच्या जहागिरींत, आणि जहागीर कोल्हापूर राज्याखालीं. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर मुंबई राज्यांत विलीन झालें, आणि १९५६ त निपाणी-चिकोडीचा भाग आजच्या कर्नाटकांत गेला. त्यामुळें एकाच घराण्याचे कागद कोल्हापूरच्या दप्तरांत, पुण्याच्या पेशवे दप्तरांत आणि बेळगांवकडे असे तीन ठिकाणीं विखुरलेले असण्याचा संभव असतो. एका ठिकाणीं कांहीं मिळालें नाहीं म्हणून हात टेकूं नयेत.

तिसरी वाट तीर्थांची. त्र्यंबक, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचें गांव, आडनांव, वडील-आजे, भाऊ-पुतणे यांचीं नांवें नोंदलेलीं असतात, आणि पुष्कळदां यात्रेकरूची सहीहि असते. उपाध्ये गांव व आडनांव विचारतात. तेव्हां आजचें गांव न सांगतां मूळचें गांव सांगावें. चौथी वाट कुलदेवतेची. घराणें कोंकणांतून वा गोव्यांतून वर आलें असेल, तर देव मात्र बहुधा जुन्याच ठिकाणीं राहिलेला असतो. आडनांवें बदलतात, धंदे बदलतात. नवरात्राचा कुळाचार कोठें पोचवावयाचा तें सहसा बदलत नाहीं. 'वैद्य' हें आडनांव असणें ही मात्र दुबळी साक्ष. तें एक खूण आहे, पुरावा नव्हे. उलट 'कुलकर्णी' आडनांवाच्या घरांत तीन पिढ्या वैद्यकी चालली असणेंहि अशक्य नाहीं.

पांचवी वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत उपेक्षित. घरांतील वृद्ध बायकांना विचारावें. औषध देणारा पुरुष, पण तें कुटणारी, चाळणारी, काढा आटविणारी घरांतली बाईच. अष्टमांश काढा म्हणजे भांड्याच्या कोणत्या खुणेपर्यंत, हें पोथींत नसतें. तें चुलीपाशीं असतें.

येथें आम्हांस एका घरांतील प्रसंग सांगितला पाहिजे. घराणें आमच्याच पंचक्रोशींतलें. नांव सांगण्याचें कारण नाहीं. मोठें एकत्र कुटुंब, वाडा पाडून नवी इमारत बांधावयाची होती, त्या गडबडींत एक बाड निघालें. अतिसारावर कुड्याच्या सालीचा एक प्रयोग, आणि त्याखालीं मूळपुरुषाच्या हातची टीप : ही साल कोणत्या अंगाची, कोणत्या दिवसांत काढावी, हें घाटांतल्या एका धनगरानें दाखविलें. धनगराचें नांवहि दिलें होतें. घराण्याचा वृत्तांत छापण्याचें चाललें होतें. थोरले काका म्हणाले, "प्रयोग छापावा, टीप गाळावी. आपल्या पूर्वजांनीं शास्त्र धनगराकडून घेतलें असें लोक म्हणतील." धाकट्या काकांना तें पटेना. दोन दिवस घरांत दोन तट झाले. शेवटीं माजघरांतून आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, ज्यानें लिहून ठेवलें त्याला लाज वाटली नाहीं, आणि तुम्हांला वाटते होय? त्याची अक्कल तुमच्यापेक्षां कमी होती का?" टीप राहिली. धनगराच्या नांवासकट राहिली.

आम्हांस कोचीच्या दाखल्यांची आठवण त्या वेळीं झाली ती याचसाठीं. रंग भट आणि त्यांचे सोबती यांच्यापाशीं निघंटु होता. पण निघंटु म्हणजे नांवांचा कोश. तो रान दाखवीत नाहीं. 'अमृता' म्हटलें तर गुळवेलहि होते आणि हिरडाहि होतो. 'ब्राह्मी' म्हणून महाराष्ट्रांत एक वनस्पति देतात आणि बंगाल्यांत दुसरी. शब्द आणि झाड यांची गांठ घालून देणारा कोणी तरी रानांत हिंडणारा पुरुष लागतोच. मलबारांत तो इट्टि अच्युतन् होता, आणि झाडाच्या शेंड्यावर चढणारीं निनांवी माणसें होतीं. ग्रंथांतील आधार मोठा कीं अच्युतनाचा अनुभव मोठा, यावर आजचे अभ्यासक वाद घालतात, आणि त्यांतील कित्येकांचा कौल अच्युतनाच्या बाजूस आहे. त्यानें रंग भटांचें कांहीं उणें होत नाहीं. दोघांचे दाखले एकाच ग्रंथाच्या आरंभीं छापले गेले, आणि कोणीहि दुसऱ्याचा दाखला गाळा असें म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. तीनशें पन्नास वर्षांपूर्वीं परमुलखांत आश्रयास गेलेल्या ब्राह्मणांना जें जड गेलें नाहीं, तें आज आपल्या कुलवृत्तांतांस कां जड जावें?

अशा शोधांत खरा पूर्वज आपण कल्पिलेल्या पूर्वजाहून वेगळा निघतो. नाडीवरून भविष्य सांगणारा सिद्ध पुरुष बहुधा सांपडत नाहीं. सांपडतो तो चिखल तुडवीत घाटांत जाणारा, कानडी शेतकऱ्यास त्याच्या भाषेंत पथ्य सांगणारा, धनगराजवळ बसून सालीचा रंग पाहणारा, आणि रात्रीं दिव्यापाशीं "याला गुण आला नाहीं" असेंहि प्रामाणिकपणें लिहून ठेवणारा एक साधा गृहस्थ. आम्हांस विचाराल तर हा दुसरा अधिक मोठा.

एक सूचना मात्र निक्षून करावयाची आहे. बाड सांपडलें म्हणून त्यांतील औषधें घरीं करून पाहूं नयेत. जुनीं मापें गुंजा, मासे आणि तोळे यांचीं : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे आजचे साडेअकरा ग्रॅमांहून किंचित् अधिक. मोडींतील एक अक्षर वा आंकडा चुकीचा वाचला, तर गुंजेचा मासा होतो, आणि प्रयोगांत बचनाग असला तर मग वैद्य शोधण्यासहि वेळ राहत नाहीं. शोधनाची रीत पुष्कळदां लिहिलेली नसते, कारण लिहिणारास ती पाठ होती. बाड वाचावें इतिहास म्हणून. औषध घ्यावें तें जाणत्या चिकित्सकाच्या हातून.

राहिलें एक काम, आणि तें थांबण्याजोगें नाहीं. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत शाळांतून मोडी उठली. ती सहज वाचणारे आतां बोटांवर मोजण्याइतके. वाडे पडत आहेत आणि रुमाल रद्दीच्या भावानें जात आहेत. तेव्हां ज्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं ते पुसूं नयेत, चिकटवूं नयेत, ऊन देऊं नये. पानें आहेत त्याच क्रमानें मुलांकडून मोबाईलवर छायाचित्रें काढवून घ्यावीं, आणि कागद कोणत्या खोलींत, कोणत्या गांठोड्यांत मिळाले तें लिहून ठेवावें. त्याखालीं आपलें संपूर्ण नांव, गांव व तारीख घालावी; आणि जें ऐकून लिहिलें असेल तें कोणाकडून ऐकलें, त्या माणसाचें नांव न विसरतां घालावें, मग तो माणूस घरचा असो, गडी असो कीं घाटावरचा धनगर असो. हें काम येत्या दिवाळीच्या साफसफाईपूर्वींच झालेलें बरें.